मदत हवी आहे: नोमोग्राम एक्सेलमध्ये आणायचाय (अर्जंट)

भोसरी_पाइपवाला: साहेबांकडे नोमोग्रामची (पट्टी ठेवून उत्तर वाचायचा तक्ता) जुनी झेरॉक्स आहे. त्यावरून हेडलॉस, म्हणजे पाइपच्या घर्षणाने किती मीटर दाब कमी होतो ते, वाचतात. पाइपच्या लाइनी दोनशेच्या वर, सोमवारी सबमिशन. एक्सेलमध्ये केलं तर उत्तर निम्मंच येतंय. काय चुकतंय?

कोथरूडचा_काका: नोमोग्राम कसला? मॅनिंगच्या सूत्राचा की हेझन-विल्यम्सच्या? आकडे कुठे आहेत?

डेटावेडा: सोप्पंय. स्कॅन करा, वेबप्लॉटडिजिटायझरमध्ये पॉइंट टिपा, ट्रेंडलाइन मारा. स्केल लॉग (दहापटीने वाढणारं) आहे हे तेवढं त्याला सांगा. मी पंपाचे कर्व्ह असेच काढलेत.

कोथरूडचा_काका: पंपाचा कर्व्ह टेस्ट करून काढतात. नोमोग्राम सूत्रावरूनच आखतात. चित्र टिपून परत सूत्राकडे जायचं हा द्राविडी प्राणायाम कशाला? वर झेरॉक्स तिरकी असली तर बघायलाच नको.

डेटावेडा: सगळ्या चार्टांना सूत्र नसतं काका.

कोथरूडचा_काका: ह्याला आहे ना!

सदाशिवपेठी: आमच्या वेळी सीओईपी कॉलेजात स्लाइड रूलवर (हिशेबाची सरकपट्टी) सगळं व्हायचं. दशांशचिन्ह डोक्यात ठेवावं लागायचं, त्यामुळे अंदाज पक्का. आता मुलांना ६७ आणि ६७० सारखेच.

मुळशी_मावळ: पीडीएफचं एक्सेल करणाऱ्या फुकट साइट आहेत, लिंक देऊ का?

भोसरी_पाइपवाला: पीडीएफ नाहीये हो, झेरॉक्स! हेझन-विल्यम्स आहे. ३०० मिमी, ६७ लिटर प्रति सेकंद. चार्टवर हजार मीटरला ५ मीटर, एक्सेलमध्ये २.७. सूत्र तीनदा तपासलंय.

कोथरूडचा_काका: एक्सेलमध्ये सी, म्हणजे पाइपच्या गुळगुळीतपणाचा आकडा, किती धरलाय? आणि चार्टच्या कोपऱ्यात काय लिहिलंय?

भोसरी_पाइपवाला: पाइप एचडीपीईचा (प्लास्टिक) आहे, म्हणजे सी १४०च ना. चार्टवर... सी = १००. अरे देवा.

कोथरूडचा_काका: १०० भागिले १४०, त्याचा १.८५२ घात, ०.५३६. गुणिले ५, २.६८. चार्टही बरोबर, तुम्हीही बरोबर. पट्टी ठेवा कपाटात, सूत्रच खाली ओढा.

डेटावेडा: म्हणजे डिजिटाइझ केलं असतं तरी ५च आलं असतं. बरं, मानलं.

कोथरूडचा_काका: थांबा, हे ३०० आतलं माप ना? एचडीपीई बाहेरच्या व्यासाने विकतात. हेडलॉस व्यासाच्या ४.८७ घाताने बदलतो, दहा मिमीनेही फरक पडतो.

भोसरी_पाइपवाला: पाइप ३१५चा आहे. ३०० मी अंदाजे टाकले होते. जाडी बघून येतो.