हात ढळतो, पडतो की खाली येतो?

मृण्मयी: परिचारिकांसाठी पक्षाघाताच्या तपासणीची पुस्तिका मराठीत करते आहे. एनआयएचएसएस, म्हणजे रुग्णाच्या खाटेपाशीच करायची तपासणी. गुण ० ते ४२, जितके जास्त तितका झटका मोठा. अडलंय हातापाशी. रुग्ण आडवा असेल तर त्याचा हात ४५ अंशांवर धरायला लावून १० सेकंद बघायचं. हात खाली येऊ लागला पण खाटेला टेकला नाही, तर १ गुण. हाच 'ड्रिफ्ट'. मी 'हात ढळणे' लिहिलं, संपादकांनी 'हात पडणे' केलं. मला पटत नाहीये.

शब्दवेडा: 'पडणे' चूकच! १० सेकंदांच्या आत खाटेला टेकला तर २, पेलताच आला नाही आणि सोडताक्षणी पडला तर ३, हालचालच नाही तर ४. सगळ्यालाच 'पडणे' म्हटलं तर गुण द्यायचे कसे? 'ढळणे' अचूक आहे. तोल ढळतो, दिवस ढळतो.

वॉर्डातली: पंधरा जणींना विचारा, एकही 'ढळला' म्हणणार नाही. आम्ही 'हात खाली येतोय' म्हणतो, नाहीतर सरळ 'ड्रिफ्ट आहे'. रात्रपाळीला शब्दकोश उघडायचा का?

शब्दवेडा: ताई, 'खाली येतोय' १ गुणालाही चालतं आणि २ गुणांनाही. तिथेच तर घोटाळा आहे.

जुना वाचक: मुळात 'पक्षाघात' तरी कशाला? आमची आजी तोंड वाकडं झालं तर 'लकवा' म्हणायची आणि एका अंगाचे हातपाय गेले तर 'अर्धांगवायू'. ते बरोबरच होतं. अरबीतला मूळ शब्द चेहऱ्यापुरताच आहे. आयुर्वेदातही चेहऱ्याचा तो 'अर्दित', अंगाचा तो 'पक्षाघात'.

निषाद: असेल, पण आज लोक सगळ्यालाच लकवा म्हणतात. मूळ अर्थ उगाळून काय उपयोग?

जुना वाचक: उपयोग आहे. नुसत्या चेहऱ्याच्या नसेचा त्रास असेल तर त्या बाजूच्या कपाळालाही आठी पडत नाही. मेंदूतल्या झटक्यात ती बहुधा पडते. दोन्हींना एकच नाव दिलं की घरचे 'लकवाच आहे, होईल बरा' म्हणून थांबतात आणि उपचाराची वेळ निघून जाते.

सावनी: मला 'निग्लेक्ट'बद्दल बोलायचंय. माझ्या वडिलांच्या कागदावर 'डाव्या बाजूकडे दुर्लक्ष' असं लिहिलं होतं. ते ताटातलं उजव्या अंगाचं तेवढंच जेवायचे, ताट फिरवलं की उरलेलं दिसायचं. आई त्यांच्यावर चिडायची, कारण दुर्लक्ष माणूस मुद्दाम करतो. 'डाव्या बाजूचं भान नाही' लिहा ना.

मृण्मयी: सावनी, 'भान' घेतेच. फार नेमकं आहे.

निषाद: भान म्हणजे शुद्ध नाही का? 'भान हरपलं' म्हणजे बेशुद्ध, असं वाचणाऱ्याला वाटेल. शुद्धीचे गुण या तपासणीत वेगळे आहेत.

सावनी: 'वेळेचं भान नाही' म्हणतो तेव्हा कोण बेशुद्ध असतं?

वॉर्डातली: ते राहू द्या. 'वाचाघात' आणि 'जीभ जड होणे' यांची सरमिसळ आधी थांबवा. वाचाघातात शब्दच सापडत नाही किंवा समोरच्याचं कळत नाही. जीभ जड झाली तर शब्द बरोबर असतो, फक्त उच्चार बोबडा येतो. गुण वेगवेगळे आहेत, आणि नवीन मुली दोन्हीकडे 'बोलता येत नाही' एवढंच लिहितात.

शब्दवेडा: 'वाचाघात' तरी कुठे बरोबर आहे? घात वाचेचा नाही, भाषेचा झालाय. 'भाषाघात' म्हणा.

मृण्मयी: आणि 'ढळणे'? पुस्तिका सोमवारी छापायला जाते आहे.

जुना वाचक: 'भाषाघात' समास म्हणून ठीक आहे, पण कानाला बोचतो.