एका खेपेपायी जन्मभर ‘कैद्यांचं जहाज’?

सागवान: न्यूझीलंडच्या पिक्टन बंदरात कोरड्या गोदीत एडविन फॉक्स हे शिडाचं जहाज जपून ठेवलंय. 1853 साली कलकत्त्याजवळ सुलकियाला बांधलेलं, अस्सल सागवानी. नाव निघालं की लोक आधी सांगतात, ऑस्ट्रेलियाला कैदी नेणाऱ्या जहाजांपैकी एवढं एकच उरलंय. खरं आहे. पण क्रिमियाच्या युद्धात त्यानं सैनिक वाहिले, 1873 ते 1880 दरम्यान चार खेपांत साडेसातशे वसाहतकरी न्यूझीलंडला पोचवले. कैद्यांची खेप एकच, 1858ची, तीही जेमतेम तीन महिन्यांची. व्यापारी जहाज होतं हो, भाडं मिळेल तो माल भरायचं!

दर्यावर्दी: ‘माल’ हा शब्द बरा सापडला तुम्हाला. इंग्लंडमधल्या प्लिमथहून निघून 20 नोव्हेंबरला पश्चिम ऑस्ट्रेलियात फ्रीमँटलला 280 कैदी उतरले. जहाजाची ती एक खेप असेल, त्यातल्या कैद्यांसाठी ती हद्दपारी होती. त्याच वर्षी मार्चमध्ये आपल्याकडे अंदमानात कैद्यांची पहिली तुकडी उतरवली होती. काळ्या पाण्याला नेणाऱ्या जहाजाबद्दल ‘इतर वेळी तांदूळ वाहायचं’ असं कुणी म्हणालं तर चालेल का?

सागवान: तुलना जमत नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वसाहतीला मजूर कमी पडत होते, तिनं स्वतःहून कैदी मागवले.

दर्यावर्दी: मागवले वसाहतीनं. कैद्यांना कुणी विचारलं?

मुक्काम_ऑकलंड: मी दोन वर्षांपूर्वी पाहून आलोय. गोदीत उतरून थेट तळाखाली उभं राहता येतं. लाकडावर पितळी पत्र्याचे तुकडे अजून आहेत, हिरवे पडलेले. आत डोलकाठ्या नाहीत, कप्पे नाहीत, नुसता फासळ्यांचा सांगाडा. तिथं उभं राहिल्यावर मला ना कैदी आठवले ना वसाहतकरी, आधी मनात आलं ते कोळशाचं. शिडं उतरल्यावर 1885 पासून त्यात मेंढ्यांचं मांस गोठवायचे, नंतर कितीतरी वर्षं कोळसा साठवला. त्या हलक्या कामांनीच ते टिकलं, नाहीतर केव्हाच जळणात गेलं असतं.

तिरकस: नावाला भाव असतो, राव. सक्सेस नावाचं जहाज आठवा. बांधलं 1840 साली ब्रह्मदेशात, पण ‘1790चं, कैदी वाहणारं’ म्हणून देशोदेशी तिकीट लावून दाखवलं. समुद्रापार कैदी त्यानं कधी नेलेच नाहीत, मेलबर्नजवळ तरंगता तुरुंग तेवढा होतं. 1946 साली अमेरिकेत जळालं. एडविन फॉक्सकडे निदान खरी खेप आहे!

सागवान: हे मान्य. तरी पाटीवर आधी सुलकियाच्या सुतारांचं नाव हवं, असं माझं म्हणणं.

दर्यावर्दी: नावं माहीत असतील तर जरूर लावा. 1965 मध्ये हा सगळा सांगाडा एका शिलिंगला विकला गेला होता, तेव्हा ना सुतारांची आठवण झाली ना कैद्यांची.