जुन्या डिझेल गाडीतील गळती: पंप उतरवण्याआधी काय तपासावे?

प्रश्न: वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

नमस्कार. माझ्याकडे २००३ सालची लहान डिझेल गाडी आहे. इंजिन १.४ लिटरचे, इनडायरेक्ट इंजेक्शनचे असून नॉझलना (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या भागांना) डिझेल पुरवणारा पंप रोटरी आहे आणि टाकीतून डिझेल ओढण्यासाठी वेगळा फीड पंप नाही. गेल्या पावसाळ्यापासून सकाळी बराच वेळ सेल्फ मारल्याशिवाय ती सुरू होत नाही. घरासमोरच्या चढावर तोंड वर करून रात्रभर उभी राहिली तर त्रास वाढतो, सपाटीवर कमी असतो, आणि एकदा सुरू झाल्यावर दिवसभर काहीही तक्रार राहत नाही. हीटर प्लग तपासून घेतले आहेत, ते चांगले आहेत. बॉनेट उघडल्यावर डिझेलचा वास येतो, पंपाची खालची बाजू ओलसर दिसते, पण जमिनीवर थेंब आढळत नाही. गॅरेजमध्ये पंप उतरवून ओव्हरहॉल करण्याचा सल्ला मिळाला आहे. एवढा खर्च करण्याआधी दोष पंपातच आहे याची खात्री कशी करावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर: जुने इंजिन (कोल्हापूर)

आपण दिलेल्या माहितीत चढाचा उल्लेख सर्वांत महत्त्वाचा आहे. आपल्या गाडीत टाकीपासून फिल्टरमार्गे पंपापर्यंतचे डिझेल पंप स्वतःच ओढून घेतो, त्यामुळे त्या भागातल्या पाइपांत इंजिन चालू असताना दाब नसतो, ओढ असते. शहाळ्यातल्या नळीला वरच्या बाजूस भोक पडले तर पाणी बाहेर सांडत नाही, तोंडात हवा येते. तसेच येथे घडते. गळती असूनही ओल दिसत नाही, आणि गाडी उभी राहिली की त्याच फटीतून हवा शिरून डिझेल हळूहळू टाकीकडे उतरते. टाकी मागे आणि गाडीचे तोंड वर असेल तर ते अधिक लवकर उतरते.

खात्री करण्यासाठी पंपाच्या तोंडाशी पारदर्शक नळीचा छोटा तुकडा तात्पुरता बसवावा. इंजिन काही मिनिटे चालल्यानंतरही त्यात बुडबुडे येतच राहिले, किंवा सकाळी सेल्फ मारण्याआधी नळी रिकामी दिसली, तर हवा शिरते आहे. त्यानंतर पंपापेक्षा उंच जागी स्वच्छ, गाळलेल्या डिझेलचा छोटा कॅन घट्ट बांधून पंपाचा पुरवठा थेट त्यातून द्यावा आणि रिटर्न पाइपही (उरलेले डिझेल टाकीत परत नेणारा) त्यातच सोडावा. अशा जोडणीवर रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी लगेच सुरू झाली, तर दोष टाकी ते फिल्टर या टप्प्यात किंवा टाकीकडे जाणाऱ्या रिटर्न पाइपात शोधावा. कॅन उंचावर असल्याने पंपाच्या सीलमधून गळती असेल तर तीही या वेळी बाहेर दिसते. ही तपासणी केल्याशिवाय पंपाला हात लावणे मला योग्य वाटत नाही.

फिल्टरच्या डोक्यावरील हँड प्रायमर (हाताने दाबून डिझेल भरण्याचा छोटा पंप), फिल्टरची रबरी रिंग आणि पाणी काढण्याचा खालचा स्क्रू या तीन जागा प्रथम पाहाव्यात. कोकणात गाडीखालच्या लोखंडी पाइपाकडेही लक्ष हवे, कारण क्लिपखाली ओल साचून पाइप नेमका तेथेच गंजतो आणि क्लिप काढल्याशिवाय ते दिसत नाही.

उत्तर: नॉझल टेस्टर (पुणे)

वरील विवेचनाशी सहमत आहे, फक्त ओलीविषयी भर घालतो. पंपाखाली दिसणारे डिझेल बहुतेक वेळा वरून ओघळलेले असते. इंजिन गार असताना तो सर्व भाग धुऊन, पूर्ण कोरडा करून त्यावर टाल्कम पावडर भुरभुरवावी आणि गाडी थोडा वेळ चालू ठेवावी. पहिली ओली रेघ जेथून सुरू होते ती खरी जागा. नॉझलना जोडणाऱ्या कापडी वेष्टनाच्या बारीक रिटर्न नळ्या आणि शेवटच्या नॉझलवरची बंद टोपी येथे मला सर्वाधिक संशय आहे. या नळ्या स्वस्त असतात, म्हणून सर्व एकदम बदलाव्यात.

इंधनातील बदलाचाही विचार करावा. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे बीएस ६ डिझेलमध्ये गंधकाची मर्यादा १० पीपीएम आहे. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत अ‍ॅरोमॅटिक घटकही कमी होऊ शकतात, आणि त्यांच्यामुळे वर्षानुवर्षे फुगून राहिलेल्या जुन्या नायट्राइल रबराच्या रिंगा आकसून गळू लागतात. नव्या रिंगा शक्यतो व्हिटॉनच्या (इंधनात टिकणाऱ्या रबराच्या) घ्याव्यात.

उत्तर: घाटमाथा (सातारा)

एक गोष्ट कृपया गांभीर्याने घ्यावी. पंपापासून नॉझलपर्यंतच्या लोखंडी पाइपांत शंभर बारपेक्षा जास्त दाब असतो. तेथील गळती बोटाने कधीही चाचपू नये, पुठ्ठा धरून पाहावी. सुईसारखी धार कातडीतून आत शिरते, जखम किरकोळ दिसते, पण शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात तत्काळ जावे लागते. असा पाइप चिरला असेल तर झाळून न घेता नवाच बसवावा.

शिवाय पंपाच्या शाफ्टचे सील गळत असेल तर डिझेल टायमिंग बेल्टवर जाते. बेल्ट भिजलेला आढळल्यास गाडी चालवू नये. डिझेल सहज पेट घेत नाही ही समजूतही उन्हाळ्यात धरून चालू नये. भारतीय मानकात त्याच्या ज्वलनांकाची (फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते) किमान मर्यादा ३५ अंश सेल्सिअस इतकीच आहे.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. कॅनच्या जोडणीवर सकाळी गाडी लगेच सुरू झाली आणि पंपाच्या सीलजवळ ओल आली नाही. पावडरीवरची रेघ तिसऱ्या आणि चौथ्या नॉझलमधल्या नळीपासून सुरू झाली. ती नळी तडकलेली होती. सर्व नळ्या बदलल्यावर ओल थांबली, परंतु पूर्वीची जोडणी केल्यावर पुरवठ्याच्या पारदर्शक नळीत बुडबुडे अजून येतात. हँड प्रायमर दाबल्यावर त्याच्या कडेला डिझेल झिरपते. तो बदलताना काय काळजी घ्यावी?

उत्तर: जुने इंजिन (कोल्हापूर)

मग हवेची जागा तीच असण्याची दाट शक्यता आहे. फिल्टरचे डोके प्रायमरसह नवे घ्यावे आणि बॅन्जो बोल्ट (ज्यांच्या आतून डिझेल वाहते असे पोकळ बोल्ट) असतील तेथे दोन्ही बाजूंचे तांब्याचे वॉशर नवे घालावेत. डिझेलसाठीचाच होज वापरावा, आणि त्याला कापणारे दातेरी पट्टीचे क्लॅम्प टाळून गोल, सपाट कडेचे घ्यावेत. प्रायमरने एअर पूर्ण काढावी. तरीही इंजिन सुरू झाले नाही तर नॉझलकडचे नट किंचित सैल करून, चेहरा व हात दूर ठेवून, दुसऱ्या कुणाला तरी सेल्फ मारायला सांगावे आणि डिझेल येताच नट आवळावेत. पारदर्शक नळी मात्र बुडबुडे थांबल्याची खात्री झाल्यावर काढून टाकावी, कारण डिझेलमध्ये ती कडक होऊन पुढे तडकते.