बडोद्याचं विषप्रकरण, १८७४: पुडी पट्ट्यात सापडली की ठेवली?

मांडवीकर

माझं आजोळ बडोद्याचं. पपनस सोलायला बसली की आजी हमखास म्हणायची, "याच्या सरबतापायी मल्हाररावांची गादी गेली." पुढं वाचत गेलो तसतसं माझं एक मत पक्कं झालं. ते इथं मांडतो, खोडून काढा.

९ नोव्हेंबर १८७४. बडोद्यातला इंग्रज सरकारचा प्रतिनिधी, म्हणजे रेसिडेंट, कर्नल रॉबर्ट फेअर सकाळची फेरी मारून खोलीत आला. नेहमीप्रमाणे पपनसाच्या सरबताचा पेला भरून ठेवलेला होता. दोन-तीन घोट घेतल्यावर त्याला मळमळायला लागलं, म्हणून उरलेलं त्यानं बाहेर ओतून दिलं. मग पेल्याच्या तळाशी काळपट गाळ दिसला. डॉक्टर सीवर्डनं तपासला तर सोमल (आर्सेनिक) निघाला, शिवाय काही चकचकीत कण. हिऱ्याची भुकटी असावी, असा बोभाटा झाला. आठवडाभर आधीच, २ नोव्हेंबरला, बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाडांनी व्हाइसरॉय नॉर्थब्रुकला खलिता लिहून फेअरची बदली मागितली होती. संशय कुणावर गेला असेल ते सांगायला नको.

तपासाला मुंबईहून पोलीस कमिशनर फ्रँक सूटर आला. सोबत मुंबईच्या डिटेक्टिव्ह खात्यातले अकबर अली आणि अब्दुल अली, शिवाय अहमदाबादकडचे गजानन विठ्ठल. गोरा साहेब, मुंबईच्या गल्ल्या कोळून प्यालेले दोन मुसलमान अंमलदार आणि एक हिंदू अधिकारी. बडोद्याचे दरबारी कंगोरे यांच्यापैकी कुणाच्याच रोजच्या ओळखीचे नव्हते. रेसिडेन्सीतला हवालदार रावजी माफीच्या वचनावर बोलता झाला. पेल्यात विष मीच टाकलं आणि उरलेली एक पुडी माझ्या पट्ट्याच्या चोरकप्प्यात आहे, असं तो म्हणाला. तो पट्टा एव्हाना बुधर नावाच्या शिपायाच्या कमरेला होता. अकबर अलींनी पट्टा चाचपला, बोटाला कागद लागला, तिथंच थांबून त्यांनी सूटरला हाक मारली आणि पुडी त्याच्या देखत बाहेर काढली. आत सोमल.

माझं मत: ती पुडी पोलिसांनीच ठेवलेली होती.

रोखठोक_नगर

साफ असहमत. सूटर आमच्या नगरला पोलीस सुपरिंटेंडेंट होता. १८५९ साली सिन्नरच्या बाजूला इंग्रजांविरुद्ध उठलेल्या भिल्लांच्या भागोजी नाइकाला गाठून मारला तो हाच. भागोजीबद्दल आमच्याकडं आजही हळहळ आहे, पण सूटर कच्चा गडी नव्हता, हे नगरवाला नाकारणार नाही. १८६४ पासून मुंबईची कमिशनरी सांभाळणारा माणूस एका पुडीसाठी नाव पणाला लावेल?

आणि मल्हारराव काही गरीब गाय नव्हते. भाऊ खंडेरावांच्या जिवावर उठल्याच्या आरोपावरून १८६३ मध्ये त्यांना बडोद्याजवळच्या पादरा गावी कैदेत टाकलं होतं. गादीवर आल्यावर खंडेरावांचे दिवाण भाऊ शिंदे त्यांच्या तुरुंगात १८७२ साली मेले आणि तेव्हाही विषाचीच कुजबुज झाली. त्यांच्या कारभाराची चौकशी करायला १८७३ मध्ये वेगळं कमिशन नेमावं लागलं होतं. अशा माणसासाठी एवढा कळवळा का?

सनदवाली

मी फौजदारी वकिली करते. रोखठोक, तुमच्या प्रतिसादात मल्हाररावांचा स्वभाव आहे, पुरावा नाही. भाऊ शिंद्यांच्या मृत्यूवरून फेअरच्या पेल्यातलं विष सिद्ध होत नाही.

पुरावा कायदा १८७२ चा, म्हणजे तेव्हा जेमतेम दोन वर्षांचा. पोलिसापुढची कबुली ग्राह्य नाही, हे त्यात स्वच्छ लिहिलं होतं. अपवाद एकच: कबुलीतून एखादी वस्तू सापडली, तर त्या वस्तूपुरतं विधान चालतं. माफी मिळालेल्या साथीदाराच्या एकट्या शब्दावरही कोर्ट सहसा विसंबत नाही, त्याच्या बोलण्याला बाहेरचा आधार शोधतं. आता पट्ट्याकडं बघा. रावजीची जबानी एकटी लटकत होती. तिला नेमका जो टेकू कायद्याला हवा, तोच सापडला, आणि सापडला डिटेक्टिव्हच्याच बोटांना. सूटरनं पुडी पाहिली ती हाक मारल्यानंतर. त्या आधीच्या क्षणाचा साक्षीदार कोण?

मल्हाररावांच्या बाजूनं विलायतेहून आलेले बॅरिस्टर बॅलंटाइन यांनी उलटतपासणीत अकबर अलींवर रोख धरला तो याच जागी. मीही तिथंच धरला असता.

रोखठोक_नगर

ताई, ते कोर्ट नव्हतं, विषाच्या आरोपाची चौकशी करायला सरकारनं नेमलेलं सहा जणांचं कमिशन होतं. आणि आधार फक्त पट्ट्याचा नव्हता. रेसिडेन्सीतल्या नरसू जमादारानंही कबूल केलं, तेही माफीचं वचन नसताना. त्यानंतर त्यानं विहिरीत उडी घेतली. पोलिसांनी पढवलेला माणूस जीव द्यायला निघतो का? त्याला केल्याचा पस्तावा झाला होता. रावजी आणि नरसू रात्री-अपरात्री राजवाड्यावर जात होते, त्याचीही साक्ष आहे.

सनदवाली

पस्तावा असेल, भीतीही असेल. विहिरीतली उडी दोन्ही बाजूंना वळते. आणि रात्री राजवाड्यावर जाणं म्हणजे रेसिडेन्सीतल्या बातम्या विकणं. ते नोकर तो धंदा करत होतेच, त्याबद्दल वाद नाही. बातम्या विकणारा प्रत्येकजण विष घालत नाही.

आणि पेद्रोला विसरू नका. पेद्रो डिसूझा, फेअरचा बटलर. रावजीच्या म्हणण्याप्रमाणे तोही कटात होता. सरकार पक्षानंच त्याला साक्षीला उभं केलं आणि त्यानं कटात असल्याचं नाकारलं. स्वतःचाच साक्षीदार असा उलटला की आम्ही वकील रात्रभर झोपत नाही.

सुरसागर_काठ

तुम्ही सगळे पट्ट्यातच अडकलात. मला वाटतं, तपास चुकला तो फार आधी, मुंबईची मंडळी यायच्याही आधी.

फेअरनं डॉ. सीवर्डला लिहून कळवलं होतं की, गुप्त खबरीनुसार विषात सोमल, हिऱ्याची भुकटी आणि तांबं आहे. ही खबर कुणाची? उलटतपासणीत नाव निघालं: भाऊ पुणेकर. रेसिडेन्सीवर ऊठबस असलेला, मल्हाररावांच्या विरोधातला माणूस. पेल्यात काय आहे याची यादी बाहेरच्या माणसाला कुठून मिळाली? मुंबईला डॉ. ग्रे यांच्याकडं नमुना गेला, त्यात तांबं निघालंच नाही. म्हणजे खबर अर्धी खरी, अर्धी रचलेली. कुठल्याही तपासनिसानं पहिला धागा हा धरायला हवा होता. मुंबईकर मंडळी गावात नवखी, त्यांना ज्यानं जो दरवाजा दाखवला त्यातून ती आत गेली. इथल्या गल्लीत वाढलेला एखादा फौजदार सोबत असता, तर त्यानं आधी पुणेकरांचं घर विचारलं असतं.

रोखठोक_नगर

हा मुद्दा वजनदार आहे, मानतो. पण मग विष कुणी टाकलं? पुणेकर रेसिडेन्सीच्या खोलीत शिरला नव्हता. पेल्यापर्यंत हात पोचत होता तो नोकरांचाच. आणि शेवटी तीन गोऱ्या सभासदांनी मल्हाररावांना दोषी धरलं, तीन हिंदी सभासदांनी नाही. जात जातीला धावली, एवढंच दिसतं त्यात.

मांडवीकर

याला मात्र उत्तर द्यायलाच हवं.

ते तिघे कोण होते? ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे सवाई रामसिंग आणि सर दिनकरराव राजवाडे. दिनकरराव आपल्या देवरुखचे. १८५७ च्या धामधुमीत ग्वाल्हेर दरबार इंग्रजांच्या बाजूला राखला तो याच दिनकररावांनी. इंग्रजांशी वाकडं घेण्याची सवय तिघांपैकी एकालाही नव्हती. उलट 'दोषी' म्हणाले असते तर व्हाइसरॉय खूश झाला असता. समोर बंगालचे चीफ जस्टिस सर रिचर्ड काउच अध्यक्षाच्या खुर्चीत. तरीही तिघांनी वेगवेगळी मतं लिहून आरोप शाबीत झाला नाही असं सांगितलं. याला जात जातीला धावणं म्हणायचं?

सरकारलाही त्या निकालावर उभं राहता आलं नाही. एप्रिल १८७५ मध्ये मल्हाररावांना काढलं ते गैरकारभाराच्या नावाखाली. जाहीरनाम्यात विषाचा आधार घेतला नाही. मे महिन्यात खंडेरावांच्या राणी जमनाबाईंनी कवळाण्याचा मुलगा दत्तक घेतला, तेच आपले सयाजीराव. मल्हारराव मद्रासला गेले आणि १८८२ मध्ये तिकडंच वारले.

पेल्यात सोमल होता, हे मला मान्य. रावजीनं टाकलाही असेल. पण हेमचंद फत्तेचंद जवाहिऱ्याचं काय? हिरे त्याच्याकडून घेतले, असं महाराजांचे चिटणीस दामोदरपंत म्हणाले, तेही युरोपियन सोल्जरांच्या पहाऱ्यात पंधरा-सोळा दिवस काढल्यावर. हेमचंद मात्र कमिशनपुढं उभा राहून म्हणाला की माझ्या वहीतली नोंद गजानन विठ्ठलांनी धाक घालून करवून घेतली. ज्या तपासात वही अशी लिहिली जाते, त्या तपासात पट्ट्यात पुडी घालता येत नाही?

रोखठोक, एकच विचारतो. बुधर तो पट्टा रोज बांधत होता, सोडत होता. त्याच्या हाताला पुडी कधीच कशी लागली नाही? हे पटवून द्या, मी माघार घेतो.

रोखठोक_नगर

चोरकप्पा होता. माहीत नसेल तर हाताला लागत नाही. अकबर अलींनाही रावजीनं सांगितलं म्हणून चाचपावं लागलं. पट्ट्यावर मी ठाम आहे.

हेमचंदच्या वहीला मात्र माझ्याकडं उत्तर नाही.