परिषदेत टाळ्या मशीनला, सहमतीच्या सत्राला रिकाम्या खुर्च्या

राजारामपुरी_सातवी_गल्ली
परवा इथं 'खरंखोटं_कोल्हापूर' यांनी आपल्या गावात झालेल्या पॉलिग्राफ, म्हणजे खोटं पकडायच्या मशीनच्या, तपासनीसांच्या परिषदेचा वृत्तांत टाकला. मथळा काय, तर 'खोटं बोलणाऱ्यांनो, कोल्हापूर सोडा!' मजकुराचा सारांश असा: मशीन जवळजवळ अचूक आहे, कोर्टानं उगाच खोडा घातलाय, आणि आता प्रत्येक संशयिताची, जमलं तर प्रत्येक नोकरदाराचीही चाचणी सक्तीची करावी. खाली लाइकचा पाऊस. मीही त्याच हॉलमध्ये बसले होते. मानसशास्त्र शिकवते, म्हणून मुद्दाम गेले होते. वाचून वाटलं, आम्ही दोघं वेगवेगळ्या परिषदांना गेलो होतो की काय!

मंचावरच्या एकाही जाणत्या तपासनीसानं अचूकतेची अशी छाती ठोकली नाही. सरकारी लॅबमधले लोक तर शब्द तोलून मापून बोलत होते. मशीन खोटं मोजत नाही. श्वास, रक्तदाब, नाडी आणि बोटांचा घाम मोजतं, त्यावरून अंदाज माणूस बांधतो, हे त्यांनी वेगवेगळ्या तऱ्हेनं सांगितलं. मशीनवर उमटलेल्या रेघांना गुण कसे द्यायचे, उणे तीन ते अधिक तीन असे सात की साधे तीनच टप्पे, यावर तर दोन ज्येष्ठांची चांगलीच जुंपली. ज्यांचं पोट यावर चालतं त्यांच्यातच एकमत नाही, आणि आपले वृत्तांतकार निकाल लावून मोकळे.

आता त्या प्रात्यक्षिकाबद्दल. कॉलेजच्या एका पोराला खुर्चीत बसवलं. छातीला एक नळी, पोटाला एक, दंडाला रक्तदाबाचा पट्टा, दोन बोटांना पत्र्या. कागदावर एक आकडा लिही, मी विचारेन त्या प्रत्येक आकड्याला 'नाही' म्हण. हॉलचा एसी असा की पहिल्या रांगेतल्या बायकांनी पदर डोक्यावरून घेतलेले. पोराची बोटं गारठली, घामाची रेघ सपाट. तपासनीस म्हणाले पाच, कागदावर निघाला सात. हशा. दुसऱ्या पोराचा आकडा बरोबर आला. टाळ्या. वृत्तांतात फक्त टाळ्या आल्यात, हशा कुठं गेला?

आणि मुळात तो प्रयोग अचूकता सिद्ध करायला नसतोच. समोरच्याच्या डोक्यात 'हे मला पकडणार' असं बसवायला असतो. भीती नीट बसली तरच पुढची चाचणी चालते. हे तिथं उघड सांगितलं गेलं, आणि मला वाटतं पूर्ण परिषदेतलं सगळ्यात प्रामाणिक वाक्य तेच होतं.

शेवटचं म्हणजे सहमती आणि नीतीचं सत्र. ते ठेवलं दुसऱ्या दिवशी जेवणानंतर. अर्धी मंडळी अंबाबाईला, उरलेली चपला घ्यायला. बोलणारे समोरच्या रिकाम्या खुर्च्यांकडे बघून बोलत होते. बाहेर मात्र 'आवाजावरून खोटं ओळखा' असं ॲप विकणाऱ्याच्या टेबलाभोवती झुंबड, त्यात सराफ कोण आणि तपासनीस कोण ते कळेना.

खरंखोटं_कोल्हापूर
मॅडम, एसी गार होता हा मशीनचा दोष? डॉक्टरानं थर्मामीटर फ्रीजमध्ये ठेवला म्हणून ताप खोटा होत नाही. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च काउन्सिलनं २००३ मध्ये अभ्यास करून सांगितलंय की ठरावीक घटनेबद्दलच्या चाचणीत खरं-खोटं निव्वळ योगायोगापेक्षा पुष्कळ जास्त वेळा ओळखता येतं. कोलकात्याच्या आर. जी. कर प्रकरणात २०२४ मध्ये सीबीआयनं कोर्टाची परवानगी घेऊन पॉलिग्राफ केलीच ना? म्हणजे सीबीआय येडी आणि राजारामपुरी शहाणी?

राजारामपुरी_सातवी_गल्ली
अर्धं वाक्य वाचलंत, उरलेलं मी सांगते. त्याच वाक्यात पुढं आहे: पण अचूकतेपासून पुष्कळ दूर. आणि मशीनला चकवायचं शिक्षण न घेतलेल्यांपुरतंच. त्याच अहवालात एक गणित आहे. समजा दहा हजार कर्मचाऱ्यांत दहा हेर आहेत. त्यातले आठ पकडायचे म्हणून चाळणी लावली, तर जवळजवळ सोळाशे निर्दोष माणसं सोबत अडकतात. निर्दोष वाचवायला चाळणी सैल केली, तर दहातले आठ हेर निवांत सुटतात. 'प्रत्येक नोकरदाराची चाचणी' म्हणताना हे सोळाशे कुठल्या गल्लीत राहतात याचा विचार केलात? आणि सीआयएतला ऑल्ड्रिच एम्स, रशियाला गुपितं विकत असताना १९८६ आणि १९९१ अशा दोन्ही चाचण्या पास झाला. पकडला १९९४ ला.

पेठेतला
चर्चा भारी चाललीय, पण जेवणाचं कुणी बोलंना. बाहेरून पाहुणे आलेत आणि ताटात पनीर? कोल्हापुरात? पांढरा रस्सा वाटीभर, तोही कोमट. यापेक्षा मोठा गुन्हा परिषदेत झाला नाही. आयोजकांचीच पॉलिग्राफ करा.

निवृत्त_फौजदार
दोघांनाही सांगतो, तुम्ही पुस्तकातलं बोलताय. मी नोकरीत असताना कारखान्याच्या कॉलनीत घरफोडी झाली. संशयित एकच, पण तोंड उघडेना. लॅबची तारीख मिळाली, त्याला सांगितलं, परवा मशीनवर बसायचंय. रात्री स्वतःच उठला, शेतात नेलं, पाचटाखालचं गाठोडं काढून दिलं. मशीन लागलंच नाही. अचूक आहे की नाही हे विचारत बसायचं कारण नाही, उपयोग होतो की नाही ते विचारा.

आणि यात नवीन ते काय? आमच्या गावात दूध संस्थेच्या निवडणुकीला अजून बेल-भंडारा उचलून शपथा देतात. पैसे दोन्हीकडचे घेतलेला गडीसुद्धा भंडारा हातात आला की गळपटतो. पेशवाईत उकळत्या तेलातून रवा, म्हणजे धातूचा तुकडा, हातानं काढायला लावायचे, त्याला रवादिव्य म्हणायचे. तपास म्हणजे भीतीचाच खेळ आहे, मॅडम. आधी देवाची होती, आता वायरींची.

राजारामपुरी_सातवी_गल्ली
फौजदारसाहेब, तुमच्या तोंडून माझाच मुद्दा आला. भीतीनं चोर बोलतो हे मान्य. पण भीतीनं निर्दोषाचीही छाती धडधडते, आणि मशीनला दोन्ही धडधडी सारख्याच दिसतात. रवादिव्यात ज्याचा हात भाजला तो खोटा ठरायचा. भाजायचा तर सगळ्यांचाच.

निवृत्त_फौजदार
मग दाखवा ना पर्याय. आम्ही मारलं तर मानवाधिकार, मशीन लावलं तर मानवाधिकार. आरती ओवाळून विचारायचं का?

वकील_बावडा
सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य, ५ मे २०१०. सर्वोच्च न्यायालय. नार्को (गुंगीचं औषध देऊन चौकशी), पॉलिग्राफ, ब्रेन मॅपिंग (मेंदूतल्या लहरी मोजणं), तिन्ही सक्तीनं करता येत नाहीत. घटनेच्या कलम २०(३) चा (स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती नाही) आणि २१ चा (जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्य) प्रश्न आहे. सहमती दंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवायची, वकिलाशी बोलू द्यायचं. आणि सहमतीनं केली तरी नुसता निकाल पुरावा नाही. त्यातून पुढं वस्तू किंवा माहिती हाती लागली तर ती जुन्या पुरावा कायद्याच्या कलम २७ खाली पुरावा म्हणून येऊ शकते, आता तेच नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ च्या परंतुकात आहे. म्हणजे साहेब, तुमचं पाचटाखालचं गाठोडं कोर्टात चाललं असतं, मशीनचा कागद एकटा नाही. 'कोर्टानं खोडा घातला' म्हणणाऱ्यांनी निकाल वाचावा. गेल्या वर्षी, जून २०२५ मध्ये, नार्कोबद्दल तेच पुन्हा सांगितलंय.

जाता जाता. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आपल्या गावात आहे. कित्येक वर्षं आंदोलनं करून मिळवलं. या परिषदेला तिथल्या वकिलांना साधं निमंत्रण नाही! मुंबईहून वक्ते आणले, सहमतीवर बोलायला. भाऊसिंगजी रोडवर कायदा रोज चालतो, तो यांना दिसला नाही. गाडी लावायला जागा मिळत नाही ते सोडा.

पेठेतला
वकीलसाहेब, निमंत्रण नाही ते बरं झालं. पनीर होतं.

हुपरीकर_दाजी
मी एरवी इथं नुसता वाचतो. आज लिहितो, कारण 'प्रत्येक नोकरदाराची चाचणी' हे वाचून डोकं फिरलं.

माझा चुलतभाऊ एका चांदीच्या कारखान्यात पैंजणांना घुंगरू बसवायचा. चांदीची घट नेहमीपेक्षा जास्त दिसायला लागली. शेठनं बाहेरून एक 'तज्ज्ञ' आणला. दुकानाच्या माडीवर खोली, खाली ठोकाठोकी चालू. आठ कामगार, एका दुपारात उरकले. पगाराच्या वहीवर सही घेतात तशी सहमतीच्या कागदावर घेतली, आणि शेठ खोलीतच खुर्ची टाकून बसलेले. भाऊ बीपीच्या गोळ्या खातो. त्याला कुणी विचारलंसुद्धा नाही. संध्याकाळी सांगितलं, तू फेल.

चांदी आजतागायत सापडली नाही. चोर कोण ते कुणालाच माहीत नाही. पण भावाला त्याच संध्याकाळी घरी पाठवलं, आणि हुपरीत बातमी किती वेगात फिरते हे हुपरीकरांना सांगायला नको. त्याला पुढं कुणी तोळाभर चांदीसुद्धा हातात देईना. आता तो इचलकरंजीला सूतगिरणीत आहे. सही करायची नसती तर? असं विचारणाऱ्यांनी आठ कामगारांच्या रांगेत उभं राहून 'मी करत नाही' म्हणून दाखवावं.

खरंखोटं_कोल्हापूर
दाजी, वाईट वाटलं. पण एका भोंदूवरून सगळ्या खासगी तपासनीसांना चोर ठरवणार? आम्ही रीतसर शिकलोय. चोरी झाल्यावर मालकानं काय हातावर हात ठेवून बसायचं? त्याचं नुकसान कोण भरून देणार, वकील?

हुपरीकर_दाजी
'आम्ही' म्हणजे कोण? तुम्ही धंदा करता का याचा? मग वृत्तांत होता की जाहिरात?

पेठेतला
जाहिरातच, दाजी. परिषदेत मला पण कार्ड दिलं ह्या भावानं. मागच्या बाजूला छापलंय: 'कामगार, घरगडी, भागीदार, लग्नाआधीची खात्री'. आईशप्पत. लग्नाआधी! आमच्या पेठेत ही चाचणी लागली तर एक मांडव पडायचा नाही.

खरंखोटं_कोल्हापूर
हसा. कार्ड दिलं तर गुन्हा केला का? शिक्षणाला खर्च झालाय. सरकारी लॅबमध्ये जागा निघत नाहीत, मग आम्ही काय भजी तळायची? आणि ज्या बाईनं आयुष्यात एक चाचणी घेतली नाही तिनं आम्हाला शिकवू नये.

राजारामपुरी_सातवी_गल्ली
'बाई' पर्यंत आलात, छान. वैद्य नसले तरी विष कशाला म्हणतात ते मला कळतं. तुमच्या कार्डावर 'घरगडी' आहे. घरकाम करणारी बाई मालकिणीला 'माझी सहमती नाही' म्हणेल, असं तुम्हाला खरंच वाटतं?

वकील_बावडा
दोघंही जरा दमानं. अमेरिकेत १९८८ साली कायदा झाला, बहुतेक खासगी मालकांना कामगारांवर ही चाचणी वापरायला बंदी. आपल्याकडं असा स्वतंत्र कायदा नाही. सेल्वी निकालाचा रोख तपास यंत्रणांवर आहे, शेठजींच्या माडीवर नाही. खरी भेग तिथं आहे.

खरंखोटं_कोल्हापूर
त्याच कायद्यात चोरीच्या चौकशीसाठी मालकाला सूट आहे, ते का गाळलंत साहेब? अर्धं वाक्य आता कोण वाचतंय?

वकील_बावडा
आहे सूट, मानलं. आता त्या सवलतीच्या अटी पण घ्या. त्या माणसावर संशयाचं ठोस कारण लेखी द्यायचं, ४८ तास आधी कळवायचं, तो मध्येच उठून जाऊ शकतो, आणि नुसत्या निकालावर कामावरून काढायचं नाही. शिवाय तपासनीसानं दिवसाला पाचपेक्षा जास्त चाचण्या घ्यायच्या नाहीत आणि एकही नव्वद मिनिटांच्या आत उरकायची नाही. दाजींच्या माडीवर यातलं काय होतं?

लॅबमधला_एक
नोकरीत आहे, म्हणून नाव नाही. आठ जण एका दुपारात झाले असतील, तर त्याला पॉलिग्राफ म्हणायचं पाप माझ्याकडून होणार नाही. एका माणसाला दोन-तीन तास जातात, त्यातला निम्म्याहून जास्त वेळ वायरी लावायच्या आधीच्या बोलण्यात. औषधं, झोप, जेवण विचारायचं, प्रत्येक प्रश्न आधी वाचून दाखवायचा. अचानक प्रश्न टाकून दचकवणं सिनेमात असतं. खोलीत तिसरा माणूस नको, आणि मालक तर नकोच नको. तेच प्रश्न तीन वेळा तरी घ्यायचे. आणि निकालात 'निष्कर्ष काढता येत नाही' हा पर्याय असतो. बाहेरचे तो कधी वापरत नाहीत, कारण त्याचे पैसे कोण देणार?

मॅडमचं एक पटलं नाही. मशीन नुसती धडधड बघत नाही. मूळ, म्हणजे गुन्ह्याबद्दलच्या प्रश्नावरची हालचाल आणि तुलनेच्या, म्हणजे या गुन्ह्याबाहेरच्या पण कुणालाही जरा अस्वस्थ करणाऱ्या प्रश्नावरची हालचाल यांत आम्ही फरक बघतो. नुसता घाबरट माणूस दोन्हीकडं घाबरतो. पद्धत इतकीही बावळट नाही.

राजारामपुरी_सातवी_गल्ली
पद्धत बावळट नाही, मान्य. पण निर्दोष माणूस 'चांदी तू चोरलीस का?' यालाच जास्त घाबरणार नाही, हे गृहीत धरलंय ना? नोकरी त्याच प्रश्नावर टांगलेली असते.

लॅबमधला_एक
ते गृहीतक आहे, आणि दुखरं आहे. म्हणून तर आम्ही अहवालात इतकी सावध भाषा वापरतो, आणि साहेब लोक चिडतात.

निवृत्त_फौजदार
आम्ही चिडायचो, बरोबर. 'हो की नाही' विचारलं की तुम्ही चार पानं पाठवायचा.

खरंखोटं_कोल्हापूर
ठीक आहे. कार्डावरचं 'लग्नाआधीची खात्री' काढतो. मित्रानं छापताना घातलं होतं. समाधान झालं का सगळ्यांचं? बाकी शब्द मागं घेणार नाही. आणि दाजी, ज्यानं भावाची चाचणी घेतली त्याच्याशी माझा काही संबंध नाही.

हुपरीकर_दाजी
'घरगडी' पण काढा.

शिरोली_शिफ्ट_बी
मध्येच विचारतो, राग मानू नका. आमच्या युनिटमधून तांब्याची वायर गेलीय. सोमवारी सगळ्यांना 'टेस्ट'ला बोलावलंय, कागद आजच सही करून मागतायत. नाही म्हटलं तर?

वकील_बावडा
आज सही करू नका. कागदाची प्रत मागा, वाचायला वेळ हवा असं लेखी द्या आणि त्याची पोच घ्या. पोलिसांत तक्रार दिली आहे का ते विचारा. दिली नसेल तर तेही तुमच्या पत्रात लिहा. युनियन असेल तर सगळ्यांनी मिळून एकच पत्र द्या, एकट्यानं पुढं जाऊ नका. 'नकार दिला म्हणून काढलं' असं तोंडी कुणी बोललं तर तारीख-वेळ टिपून ठेवा. उद्या सकाळी अकरानंतर मी कोर्टाच्या कँटीनला असतो, कागद घेऊन या.

लॅबमधला_एक
आणि बीपी, शुगर, झोपेची गोळी काही चालू असेल तर ते पत्रात आधीच लिहा. बसायची वेळ आलीच तर तपासनीसाला विचारा, आज किती जणांची घेणार आहात? आकडा ऐकून काय ते कळेल.