प्रतिसाद: बोलीचा आकडा आणि खिशातून गेलेला आकडा

'अमेरिकेत लिलावातून बंदूक घेताना बोलीवर वाहतूक आणि डीलरची ट्रान्सफर फी धरली की हिशोब संपला', हे वरचं म्हणणं अर्धंच पटलं. (डीलर म्हणजे परवानाधारक दुकानदार; पार्सल त्याच्याकडे येतं, तपासणी करून तो बंदूक आपल्या हाती देतो, त्याची ही फी.) मी टेक्सासमध्ये लिलावातून ईशापूरच्या कारखान्यातली 2A1 रायफल घेतली (आपल्याकडची रायफल इथं सरप्लस, म्हणजे लष्कराचा जुना माल म्हणून मिळते, गंमतच!). बोली 610 डॉलरला सुटली. त्यावर वाहतूक 45, कार्डाचे 3 टक्के, विक्रीकर सव्वाआठ टक्के, डीलरचे 40. साडेसातशेच्या पुढे गेलो.

पण खरा घोळ पैशांचा नव्हताच. विकणारा खाजगी माणूस होता, त्याने खोक्यात स्वतःच्या ओळखपत्राची प्रत टाकली नाही. पाठवणारा कोण हे कळल्याशिवाय डीलर बंदूक त्याच्या नोंदवहीत चढवेना, आणि वहीत नाही तर 4473 फॉर्म (बंदूक घेणाऱ्याने भरायचा सरकारी अर्ज) नाही, पार्श्वभूमी तपासणी नाही. विक्रेता निरोपांना चार-चार दिवसांनी उत्तर देणार. नऊ दिवस रायफल दुकानात पडून. काही डीलर तर खाजगी माणसाकडून आलेलं पार्सल घेतच नाहीत, म्हणून आधी डीलरला फोन, मग बोली. विक्रेत्यालाही बोलीआधीच एखादा प्रश्न विचारून बघा, नळीच्या आतला फोटो मागा. तेव्हा जो उत्तर देत नाही, तो पैसे मिळाल्यावर काय देणार?

आणि जुन्याच बंदुकांचा नाद असेल तर संग्राहकाचा परवाना काढा. 3 वर्षांचे 30 डॉलर. 50 वर्षांवरची मूळ स्थितीतली बंदूक बहुतेक राज्यांत थेट घरी येते, डीलरचे 40 वाचतात. मी तो काढला, पण या खरेदीनंतर.