मदत हवी आहे : पूर अडवणाऱ्या मातीच्या बांधातून पाणी येत आहे (खानापूर तालुका, जि. बेळगाव)

ओढ्याकाठचा : आमच्या गावाच्या वरच्या अंगाला ओढ्यावर मातीचा लहान बांध आहे. पुराचा लोंढा अडवून पाणी मोरीतून सावकाश खाली सोडावे, एवढ्यासाठीच तो बांधला आहे. कालपासून त्यातून पाणी येत आहे आणि खाली भाताची लावणी नुकतीच झाली आहे. पाणी कसे बंद करावे, हे कृपया आजच सांगावे.

जांभा : पाणी भरावाच्या पायथ्यातून येते की मोरीच्या पाइपाच्या कडेने? ते स्वच्छ आहे की गढूळ? मातीच्या बांधातून थोडा पाझर असतोच. मात्र पाणी गढूळ असेल, तर ते आतली माती वाहून नेत आहे आणि भरावात नळीसारखी पोकळी वाढत आहे, असे समजावे.

शेततळे : आमच्या तळ्याला मी बाहेरून चिकणमाती थापून वर प्लास्टिकचा कागद अंथरला आणि गळती थांबली. आपणही तेच करावे.

जांभा : कृपया असे मुळीच करू नये. बाहेरचे तोंड बुजवले की पाण्याचा दाब आत वाढतो आणि ते दुसरीकडून अधिक जोराने फुटते. पाणी येऊ द्यायचे, माती येऊ द्यायची नाही. त्यासाठी त्या जागेवर आधी वाळू, तिच्यावर बारीक खडी आणि मग मोठी खडी घालावी. प्रवाह वाळू उडवून लावत असेल, तर पोत्यांचा घेर करून आतले पाणी थोडे चढू द्यावे, म्हणजे जोर कमी होतो.

निपाणीकर : खेकड्यांची बिळे पाहिलीत का? २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटले, तेव्हाही खेकड्यांची चर्चा झाली होती.

जांभा : बिळांनी पाण्याला वाट मिळते, हे खरे, पण वेळच्या वेळी पाहणी झाली तर ती बुजवता येतात. तिवऱ्यात माणसे गेली, त्याचा दोष एकट्या खेकड्यांवर टाकणे मला पटत नाही.

हिरवा बांध : भरावावर बांबू लावावा, मुळे माती धरून ठेवतात.

निपाणीकर : झाड मेले की कुजलेल्या मुळांच्या जागी पोकळ वाटा राहतात. भरावावर हरळीच बरी.

सीमावासी : अर्ज कन्नडमध्ये द्यावा लागणार असेल, तर मी लिहून देईन.

ओढ्याकाठचा : अर्ज उद्या पाहू. पाणी पायथ्यातूनच येत आहे. ग्लासात भरून ठेवले, तर अर्ध्या तासात तळाशी लाल मातीचा थर बसला. मोरीचे दार मात्र बंदच आहे, ते सांगायचे राहिले.

जांभा : पुराच्या बांधाची मोरी पावसाळ्यात बंद का? दार टप्प्याटप्प्याने उघडा, कारण पाणी एकदम उतरले तर आतला ओला उतार घसरतो. त्याआधी खालच्या वस्तीला कळवा, पंचायतीलाही फोन करा आणि रात्री बांधावर कोणालाही एकट्याने थांबू देऊ नका.

ओढ्याकाठचा : वस्तीतील माणसे शाळेत हलवत आहोत. वाळूचा ट्रॅक्टर निघाला आहे. दार चार बोटे उघडले आहे.